नीरा ब्रादीब बातील

कुवेतच्या विमानतळावर माझा पासपोर्ट हातात घेतलेल्या तरुण अधिकाऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पासपोर्टकडे पाहिलं आणि नावावर बोट ठेवून विचारलं, "वसंत... फादर?"

"नो. हजबंड."

त्याची भुवई वर गेली. मी सुनंदा वसंत शिंदे. त्याच्या देशात माणसाच्या नावापुढे जे नाव येतं ते बापाचं, मग बाई असो की बाप्या, लग्न झालेलं असो की नसो. त्याच्या हिशेबानं मी वसंताची मुलगी होते आणि वसंत माझा नवरा आहे असं तोंडानं कबूल करत होते. प्रकरण गंभीर होतं. "फादर?" त्यानं पुन्हा विचारलं. मी पासपोर्ट मागून घेतला, शेवटचं पान उघडलं आणि तिथं बसलेले आमचे वडील त्याला दाखवले. त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला. जिचा बाप शेवटच्या पानावर गेला आहे त्या बाईला आणखी काय छळायचं, असा काहीसा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

मी आले होते लेकीच्या बाळंतपणाला. पूर्वी लेक माहेरी यायची. आता माहेर विमानात बसून लेकीकडे जातं. पिशवीत डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, वेखंड. लाडवांत खसखस घालू नकोस, असं स्वातीनं फोनवर तीनदा बजावलं होतं. त्यामुळे लाडू जरा बेचव झाले होते, पण आजी तुरुंगाबाहेर होती.

जावई वफ्राला असतात. वफ्रा म्हणजे कुवेतच्या पार दक्षिणेला, सौदीच्या सरहद्दीजवळ. नकाशात पाहिलं तर वाळवंट आणि प्रत्यक्षात गेलं तर काकडी! एकाला एक लागून हरितगृहं, त्यांत काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची. खजुराच्या रांगा, मेंढ्या, शहरातल्या लोकांची सुट्टीची शेतघरं. थोडं पलीकडे तेलाचे पंप मान खालीवर करत असतात. वफ्रात कुणी 'विहीर' म्हटलं की पाण्याची की तेलाची, हे आधी विचारून घ्यावं लागतं. आमचे प्रदीपराव माळशिरस तालुक्यातले, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे पदवीधर. तिथं उसावर शिकले आणि इथं ठिबकवर काकडी वाढवतात. राहायचं घर शेतातच.

जानेवारीतल्या एका रात्री पावणेबाराला अहमदीच्या बाजूच्या एका रुग्णालयात मुलगी झाली. आई सुखरूप, बाळ सुखरूप, बाप मात्र पाणी मागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी विम्याचा फॉर्म आला. त्यात तीन चौकोन होते. पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव.

"आई," स्वाती उशीला टेकून म्हणाली, "मधलं नाव काय निवडायचं?"

प्रदीपराव खिडकीपाशी उभे होते. ते गर्रकन वळले. "निवडायचं म्हणजे?"

"म्हणजे, लेस्टरला माझी मैत्रीण आहे ना, तिनं मुलीला दोन नावं ठेवलीत. एक हाक मारायला आणि एक मधे, छान दिसायला."

"अगं, पण मधे मी आहे!"

जावयाच्या आवाजातली कळ मला कळली. आपल्याकडे मधलं नाव निवडायचं म्हणजे बाप निवडायचा, आणि ती निवड साधारण नऊ महिने आधी होऊन गेलेली असते. फॉर्म समोर आल्यावर तो विषय पुन्हा काढत नाहीत. लेस्टरच्या लोकांचं मधलं नाव म्हणजे शोकेसमधला काचेचा सेट. हौसेनं घ्यायचा, पाहुण्यांना दाखवायचा आणि चहा मात्र रोजच्या कपातून प्यायचा. आपलं मधलं नाव म्हणजे सातबाऱ्यातला कब्जेदाराचा रकाना. तिथं हौस चालत नाही.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, शेवटची सहा मुख्याध्यापिका. जनरल रजिस्टरात पोरांची नावं घालण्यात माझी दोन बोटं कायमची निळी झाली. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, हे मी इतक्या वेळा लिहिलंय की मधल्या रकान्याकडे कधी मान वर करून पाहिलंच नाही. पुढे आईच्या नावाचा वेगळा रकाना आला, तोही भरला. पण तो कडेला, वेगळा. नावाच्या रांगेत नव्हे.

पण आधी पहिलंच नाव ठरायचं होतं. आणि ते विहीणबाईंच्या हातात होतं.

कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इथं मुलगी झाली तेव्हा माळशिरसला रात्रीचे सव्वादोन वाजले होते आणि तारीख बदललेली होती. म्हणजे एकच मुलगी, एकच जन्म, पण बापाच्या घड्याळात एक वाढदिवस आणि आजीच्या घड्याळात दुसरा. विहीणबाईंनी सकाळी सकाळी गुरुजी गाठले. तासाभरानं फोन. "हस्त नक्षत्र, तिसरा चरण. कन्या रास. अक्षर आलंय 'ण'."

फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

हस्ताचे चार चरण म्हणजे पू, ष, ण, ठ. पहिल्यात जन्मलं तर पूर्वा, पूजा अशी रांग लागते. चौथ्यात आलं तर ठमाबाई तरी होते. तिसऱ्यात आलेल्या मुलीनं काय करायचं? 'ण'नं सुरू होणारा शब्द शोधायला मी बाराखडीची तीन आवर्तनं केली. मराठीत 'ण' पाणी, लोणी, गाणी अशा सगळ्या चांगल्या गोष्टींच्या शेवटी बसतो, पण पुढे होऊन दार म्हणून उघडत नाही. गुरुजींनी तोड काढली. 'ण'च्या जागी 'न' घ्या. मग 'न'ची यादी सुरू झाली आणि स्वाती एकदम म्हणाली, "नीरा."

मला तर गलबलूनच आलं. आमचं फलटण नीरेच्या उजव्या कालव्यावर आणि जावयांचं माळशिरसही त्याच कालव्याच्या पुढच्या टोकाला. दोन्ही घरांचा ऊस एकाच पाण्यावर वाढला. आणि जिथं ही मुलगी जन्मली त्या कुवेतात एकही नदी नाही. देशात नदी नव्हती, ती आम्ही नेली. विहीणबाईंनी एकच शंका काढली, की नीरा नावाचं पेय सकाळी स्टँडवर मिळतं आणि ऊन चढलं की त्याची ताडी होते, दारूबंदीच्या देशात हे चालेल का? प्रदीपरावांनी शेतावरच्या इजिप्शियन मुकादमाला विचारलं. तो खूश झाला. अरबीत 'नय्यिरा' म्हणजे प्रकाशमान. म्हणजे इकडून नदी, तिकडून उजेड. नाव मंजूर.

राहिला मधला चौकोन. आणि वफ्रात मधल्या चौकोनाला सल्लागारांची कमी नाही.

पहिला सल्ला फिलिपिनो नर्सनं दिला. तिच्या देशात मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. लग्नाआधी आई जी होती, ती मुलांच्या नावात मधोमध राहते. मला पद्धत एकदम पसंत पडली आणि मी लगेच लिहून पाहिलं. नीरा शिंदे पाटील. प्रदीपरावांनी कागद वाचला आणि हात जोडले. विखे पाटील, मोहिते पाटील आणि आता शिंदे पाटील. मुलगी तीस तासांची नाही तोवर तिच्या नावाला साखर कारखान्याच्या निवडणुकीचा वास यायला लागला होता. "आई, हिला पाळणा नको, जीप लागेल," ते म्हणाले.

दुसरा सल्ला शेताच्या गोदामावरच्या मल्याळी बाबूचा. तो म्हणाला, एवढं लिहिता कशाला, आद्याक्षर घाला. त्याच्या स्वतःच्या नावाला दोन अक्षरं लागतात. त्यातलं एक वडिलांचं आणि एक घराचं, आणि ती उलगडून सांगायला त्याला चहाचा एक कप पुरत नाही. त्याच्या पद्धतीनं झालं नीरा पी. पी. हे नाव मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. बाळाच्या दुपट्याखाली त्याच वेळी ओल लागली. तो सल्ला तिथंच बाद झाला.

तिसरा सल्ला मुकादमाचा. इजिप्तमध्ये सरकारी कागदावर नावं चार. आपलं, बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं. तो म्हणाला, तुमच्याकडेही करा, सोपं आहे. प्रदीपरावांनी बोटं मोजली. नीरा प्रदीप मारुती दगडू. दगडूचा अर्थ काय, मुकादमानं विचारलं. जावयांनी जमेल तसं अरबीत सांगितलं, "हजर."

मी दचकले. "हजर?"

"आई, अरबीत हजर म्हणजे दगड. आपलं हाजिर असण्याचं हजर, तो शब्द वेगळा."

शब्द वेगळा असेल. पण एकतीस वर्षं रोज सकाळी मी नाव पुकारायचे आणि वर्गातून आवाज यायचा, "हजर!" आता कळलं की मुलं आपापली ओळख करून देत होती. काही जणांच्या बाबतीत दोन्ही अर्थ बरोबर होते.

मग मला छंदच लागला. इथल्या फॉर्मवर पहिला रकाना असतो 'अल-इस्म', म्हणजे नाव. आपल्याकडे तो शब्द पोचेपर्यंत काय झालं पाहा. ज्याचं नाव ठाऊक नाही त्यालाच आपण 'इसम' म्हणतो. 'एक अनोळखी इसम मोटारसायकलवरून पळाला.' अरबांचं नाव आपल्याकडे येऊन निनावी झालं. तारीख, अर्ज, दाखला, वारस, तालुका, जिल्हा, हे सगळे शब्द याच भाषेतून निघून फारसीच्या बैलगाडीत बसून आमच्या कचेरीत उतरले. आणि 'ऊर्फ'सुद्धा.

ऊर्फवर मी जरा थांबणार आहे. आपल्याकडे ऊर्फ दोघांनाच लागतं, एक सराईत गुन्हेगाराला आणि दुसरं लग्न झालेल्या बाईला. माझ्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे, कुसुम विठ्ठल जगताप ऊर्फ सुनंदा वसंत शिंदे. वाचणाऱ्याला वाटावं, बाईवर दोन तालुक्यांत वॉरंट आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरले, आमच्या ह्यांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव काढलं, आणि कुसुम गेली. मधले विठ्ठलराव गेले, शेवटचे जगताप गेले. तीन डबे होते, तिन्ही बदलले आणि वर म्हणतात गाडी तीच. डी. एड.च्या प्रमाणपत्रावर एक बाई, पगारपत्रकावर दुसरी. त्या दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला राजपत्रात जाहिरात द्यावी लागली. नंतर ते तांदूळ आम्ही खिरीत घातले. माझं नाव त्या खिरीत गेलं असं मी कुणाला म्हणाले नाही. खीर मात्र चांगली झाली होती.

तेव्हा मुलीचं मधलं नाव कसलं निवडायचं? ते तर भाडेकराराचं. पंचवीसेक वर्षांचा करार, पुढे घरमालक बदलतो. इथल्या कुवेती बायका लग्न झालं, नातवंडं झाली तरी बापाचंच नाव लावतात. बिंत म्हणजे मुलगी. कुणाची ते एकदा ठरलं की ठरलं. परदा कुणाचा आणि पुसणं कुणाचं, हे विमानतळावरच्या त्या पोराला समजावून सांगायला माझं इंग्रजी पुरलं नव्हतं आणि मराठीही पुरलं नसतं.

त्या रात्री बाळ जागं आणि आम्ही तिघं जागे. स्वाती मांडीवर मुलीला थोपटत म्हणाली, "आई, आता महाराष्ट्रात आईचं नाव लावायचा नियमच झालाय ना?"

झालाय. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांची नावं सरकारी कागदांवर लिहिताना आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय झाला तेव्हा मंत्रालयात पाटी लागली ती 'एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे' अशी. त्याच वर्षी डिसेंबरात फडणवीसांनी शपथ घेतली ती 'देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस' म्हणून. मी टीव्हीसमोर बसून टाळी वाजवली होती. मग निर्णयाचा कागद नीट वाचला. विवाहित बाईचं नाव मात्र जुन्याच पद्धतीनं, म्हणजे तिचं, नवऱ्याचं, आडनाव. मी टाळी परत घेतली नाही, पण दुसरी वाजवली नाही.

आणि यात नवीन तरी काय? दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखावर राज्य करणारे सातवाहन स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवून घेत होते. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तो कोरवला तेव्हा नातू गादीवर होता. ह्या बाईनं त्यात स्वतःची ओळख करून दिली आहे, महाराजाची आई आणि महाराजाची आजी. बघा, तिथंही आजीच पुढे झाली. शेवटच्या पानावर नाही बसली, डोंगरावर कोरून बसली.

"मग मधे दोन नावं," स्वाती म्हणाली. "नीरा स्वाती प्रदीप पाटील."

प्रदीपराव गप्प. त्यांच्या गप्प बसण्यात मला त्यांची आई बोलताना ऐकू येत होती. शेवटी म्हणाले, "मला काही नाही हो. पण पासपोर्टात बसेल का?"

हा प्रश्न फसवा नव्हता. भारतीय पासपोर्टात चौकोन दोनच. एकात आडनाव, दुसऱ्यात बाकी सगळं. मधलं असं तिथं काही नसतंच. विमानाच्या तिकिटावर तर दोन नावांमधली जागाही जाते. मी येताना माझ्या तिकिटावर 'सुनंदावसंत' अशी एक सलग बाई होती. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं इतके कधी जवळ आलो नव्हतो.

वफ्राची गंमत मला दुसऱ्या दिवशी कळली. प्रदीपरावांनी गाडीतून जाताना बोट दाखवून सांगितलं. १९२२च्या डिसेंबरात उकैर नावाच्या बंदरात सर पर्सी कॉक्स या इंग्रज साहेबानं नकाशावर रेघा ओढून कुवेत, नज्द आणि इराकच्या सरहद्दी ठरवल्या. नज्द म्हणजे पुढचं सौदी. कुवेत आणि नज्दमधल्या एका तुकड्यावर एकमत होईना. मग साहेबानं तो तुकडा कुणालाच दिला नाही. तटस्थ प्रदेश. दोघांचाही आणि कुणाचाच नाही. तोवर तिथं वाळू आणि उंट, त्यामुळे कुणाचं पोट दुखलं नाही. १९५३ मध्ये त्याच तुकड्यात, वफ्राला, तेल लागलं आणि पोटं दुखायला लागली. १९६५ मध्ये जमीन वाटून घ्यायचा करार झाला, पण तेल मात्र निम्मं-निम्मं. अजूनही. मधे २०१५ पासून दोघांचं बिनसलं तर पाचेक वर्षं पंपच बंद. समेट झाला तेव्हा कुठे २०२० मध्ये पंपांनी पुन्हा माना हलवल्या.

मी तो सगळा इतिहास ऐकला आणि म्हटलं, "प्रदीपराव, हे तर मधलं नाव आहे."

"म्हणजे?"

"सरहद्द ठरत नाही तिथं तटस्थ प्रदेश ठेवायचा. जमीन तुमची का आमची, ते भांडत बसायचं नाही. जे निघेल ते निम्मं-निम्मं."

ते हसले. ते गाडी चालवत होते आणि मागच्या सीटवर सासू, बायको व तीन दिवसांची मुलगी अशा तीन पिढ्या होत्या. हसण्यावाचून त्यांना दुसरा मार्ग नव्हता. पण घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलं, नीरा स्वाती प्रदीप पाटील. विहीणबाईंना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे पाच सेकंद २०१५ साल. मग आवाज आला, "मग माझं नाव तुझ्या नावात का नाही रे?" ह्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. २०२० उजाडायला दोन दिवस लागले.

पण आमची तडजोड अरबी लिपीला कुठे ठाऊक!

कुवेतात जन्माचा दाखला अरबीतून. आणि अरबीत 'प' नाही. आपण ज्याला पेप्सी म्हणतो तिची इथं 'बेबसी' होते, आणि हिंदी सिनेमा पाहिलेल्या माणसाला ती बाटली हातात घेतली की उगाच दुःख होतं. दाखला टंकणाऱ्या बाबूला आमचा कागद वाचून दाखवायला मुकादम बरोबर गेला होता. बाबूनं नावाचा रकाना भरला, बापाचा भरला. आईचा रकाना तिथंही वेगळा, कडेला. मला जनरल रजिस्टराची आठवण झाली. तटस्थ प्रदेश एका झटक्यात बरखास्त झाला. हातात दाखला आला, मुकादमानं मोठ्यानं वाचला:

"नीरा ब्रादीब बातील."

स्वाती तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागली. प्रदीपराव म्हणाले, "बातील तर बातील, चालायचंच." मी मात्र शिक्षिका. माझ्या डोक्यात घंटा वाजली. "मुकादम, अरबीत 'बातिल' म्हणजे काय?" त्यानं घसा साफ केला. अक्षरं वेगळी आहेत, 'त' वेगळा आहे, असं त्यानं आधी दोनदा सांगितलं. मग हळूच म्हणाला, कानाला सारखा लागणारा एक शब्द आहे. बातिल म्हणजे जे कायद्यानं टिकत नाही ते. निरर्थक.

म्हणजे आपलं रद्दबातल! माळशिरसच्या पाटलांची पिढ्यान्‌पिढ्यांची पाटीलकी वफ्राच्या सीमेवर एका 'प'पायी रद्दबातल झाली. मी जावयांचं सांत्वन केलं. म्हटलं, तीन डबे बदलायला आम्हांला लग्न करावं लागतं, तुम्हांला नुसतं परदेशी यावं लागलं.

नीरेला मात्र लिपीनं हातही लावला नाही. 'न' तिथं आहे, 'र' आहे. विहीणबाईंच्या 'ण'वर अडून बसलो असतो तर फजिती होती. तो अक्षराच्या पेटीत तिथंही नाही.

बारसं बाराव्या दिवशी करायचं ठरलं. आत्या अकलूजला. ती फोनच्या पडद्यावरून बाळाच्या कानात कुर्र करणार होती. पाळणा शहरातल्या एका दुकानातून मागवला होता, त्याची गाडी सकाळी येणार होती. वफ्रात पत्ता सांगणं सोपं नसतं. सगळी शेतं सारखी, सगळी फाटकं सारखी, सगळीकडे वाळू. स्वातीनं दुकानात नाव लिहून दिलं होतं ते स्पष्ट, पासपोर्टावरचं.

दहा वाजले, अकरा वाजले. आत्या अकलूजला नऊवारी नेसून फोनपुढे बसलेली. तिकडे दीड वाजायला आला होता, उपाशी होती ती. पाळण्याचा पत्ता नाही. शेवटी ड्रायव्हरचा फोन आला. तो केव्हाचा शेताच्या फाटकाशीच उभा होता. रखवालदार त्याला आत सोडेना. ड्रायव्हर म्हणत होता, प्रदीप पाटील यांच्याकडे जायचंय. रखवालदार म्हणत होता, ह्या नावाचं इथं कुणी राहत नाही. सहा वर्षं इथं नोकरी करणारा माणूस, ज्याच्या सहीशिवाय फाटकातून काकडीचा एक खोका बाहेर जात नाही, त्याला कुणी ओळखत नव्हतं.

प्रदीपराव तावातावानं निघाले. मी मागोमाग. फाटकाशी मुकादम आधीच पोचला होता आणि रखवालदाराला काहीतरी समजावत होता. मला ऐकू आले ते दोनच शब्द, "अबू नीरा." रखवालदाराचा चेहरा उजळला. त्यानं फाटक सताड उघडलं, ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. सरळ जा, खजुराच्या तिसऱ्या रांगेपाशी डावीकडे, अबू नीराचं घर.

अरबांत ही रीत आहे. मूल झालं की बाप त्याच्या नावानं ओळखला जातो, अबू अमका. आई उम्म अमकी. बहुतेक थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, पण मुलीच्या नावानंही मारतात. इथल्या लोकांनी प्रदीपरावांना पाचव्या दिवसापासूनच तशी हाक मारायला सुरुवात केली होती. बाराव्या दिवशी मागचं नाव विसरलेही होते.

मी जावयाकडे पाहिलं. मुलीच्या नावात बापानं कुठे बसायचं, पुढे की आईच्या मागे, ह्यावरून ज्या घरात दहा दिवस कुणी झोपलं नव्हतं, त्या घरातला बाप आता मुलीच्या नावात राहायला गेला होता. तेही भाडं न ठरवता. आणि त्याला त्याचं काही वाईट वाटल्याचं दिसत नव्हतं. पाळण्याच्या पावतीवर त्यानं सही केली. मी वाकून पाहिलं. सही जुनीच होती, पण हात थरथरला होता.

पाळणा जोडला. आत्यानं पडद्यातून कुर्र केलं. आवाज अडीच तास आणि एक समुद्र ओलांडून जरा उशिरा पोचला, पण पोचला. मग माझी पाळी. मी वाकले आणि नीरेच्या कानात आणखी एक नाव सांगितलं. ते कुठल्याच फॉर्मवर नाही, सेवापुस्तकात ऊर्फच्या अलीकडे आहे. नीरेनं जांभई दिली. नाव दाखल झालं.

दुपारी दारावर थाप पडली. शेजारच्या शेतावरच्या बाईनं खजुराचं ताट पाठवलं होतं. ताट आणणाऱ्या पोरानं माझ्याकडे पाहून विचारलं, "उम्म स्वाती?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला नवऱ्याचं नाव न विचारता ओळखलं होतं. मी ताट घेतलं. मागून प्रदीपराव कुणाशीतरी फोनवर बोलत होते. पलीकडचा माणूस बहुधा प्रदीप पाटील आहेत का म्हणून विचारत होता.

"कोण?" जावई म्हणाले. "नाही हो, त्या नावाचा इसम इथं राहत नाही."